हप्त्याआधीचा डबा

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. ओट्यावर ओळीनं उघडे डबे.)

सकाळचे साडेसहा. नागपूरच्या नंदनवनमधल्या एका गल्लीतलं हे घर. पुढच्या खोलीत सोफा, टीव्ही, भिंतीवर लग्नाचा फोटो. मागच्या खोलीत मेस. दोन बाया पोळ्यांना लागल्यात, एक लाटतेय, एक शेकतेय. वरणाला फोडणी मात्र काकूच देतात आणि डबेही त्याच भरतात. ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती जात नाही.

खालच्या कप्प्यात भात, त्यावर वरण, त्यावर भाजी, झाकणाखाली चार पोळ्या. आज वांगं-आलू आहे. झाकणांवर ऑइलपेंटनं नंबर टाकलेत. नावं नाहीत, कारण पोरं बदलत राहतात, डबे तेच असतात. 14 नंबरचं झाकण नीट बसत नाही, त्याला रबर लावावं लागतं. आपल्याला या 14 नंबरच्या मागे जायचंय.

निघण्याआधी फ्रिजवरची वही पाहून घ्या. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. एका नंबराला एक पान. पानावर महिने, महिन्यासमोर 2,800, आणि त्यापुढे बहुतेक ओळींत एकच शब्द: येणे.

काकू म्हणतात, "पोट्टे म्हणतात, काकू, स्वाधार योजनेचे पैसे आले की देतो. आता ते कधी येतील हे त्यायलेच नाही माहीत, तं मले काय माहीत राहीन?"

(दृश्य: गणेशपेठ बसस्थानक, पाऊस. एसटीतून उतरणारी मुलं, गाद्यांच्या वळकट्या.)

जुलै महिन्यात गणेशपेठच्या स्टँडवर तासभर उभं राहिलं तरी विदर्भाचा नकाशा समोरून जातो. चंद्रपूरची गाडी, गडचिरोलीची, गोंदियाची, भंडाऱ्याची. पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकच्या कागदात बांधलेली गादी, आणि एक फाइल. गादी भिजली तर चालते, फाइल शर्टाच्या आत असते.

14 नंबर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातला. नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कापूस आणि थोडा धान. शासकीय वसतिगृहाला अर्ज केला होता, गुणवत्ता यादीत नाव लागलं नाही. अनुसूचित जातीच्या अशा मुलांसाठीच सरकारनं 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. वसतिगृहात जागा नाही ना, मग बाहेर रहा, बाहेर जेवा, पैसे आम्ही खात्यात टाकतो. मुळातला विचार इतका सरळ आहे, आणि चांगला आहे. हे आधीच बोलून टाकतो, कारण पुढे कुरकुर पुष्कळ आहे.

(दृश्य: कस्तुरचंद पार्क. मधली दगडी वास्तू, भोवती क्रिकेट खेळणारी मुलं.)

शिकणाऱ्या पोराला आधी छप्पर आणि भाकरी लागते, हे सांगायला नागपूरला बाहेरून कुणी यायची गरज नाही. पण एकदा आलं होतं. 30 मे ते 1 जून 1920. याच मैदानावर अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी होते छत्रपती शाहू महाराज. कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं. पुढे कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायची पद्धत पडली. नुसती शाळा काढून भागत नाही, शाळेजवळ मुलाला रात्री झोपायला जागा लागते, हे त्या माणसाला शंभराहून जास्त वर्षांपूर्वी उमगलं होतं.

त्या परिषदेला भीमराव आंबेडकर होते. पुढच्याच महिन्यात ते अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले. घरमालकिणीकडचा नाश्ता पोटाला पुरायचा नाही, रात्री पापड भाजून खायचे, हा लंडनचा प्रसंग आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. त्याआधी 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले होते. ती ठरली होती तीन वर्षांसाठी, महिन्याला साडेअकरा पौंड.

महिन्याला. हा शब्द धरून ठेवा.

आणि विदर्भाचंच उदाहरण हवं तर अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय. पंजाबराव देशमुखांनी काढलेलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. एक पंगत, एक छप्पर. पंजाबराव पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, पण आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून छात्रालयाचीच आठवण काढतात.

(दृश्य: खोली. तीन खाटा, भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता, खिळ्याला टांगलेला डबा.)

आता या खोलीत या. पत्र्याचं छत नाही, स्लॅब आहे, म्हणजे उन्हाळ्यात बरी. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक लहान नसतो. खाटा तीन. एकावर 14 नंबर. दुसरा एटापल्लीचा, गडचिरोली जिल्ह्यातला. तिसरा गोंदियातल्या सालेकसाचा.

इथं गंमत बघा. पहिल्याची योजना स्वाधार, खातं सामाजिक न्याय. एटापल्लीचा मुलगा आदिवासी, त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, खातं आदिवासी विकास. सालेकसाचा ओबीसी, त्याच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, खातं इतर मागास बहुजन कल्याण. एक खोली, एक पंखा, एक घरमालक आणि तीन खाती. रक्कम तिघांचीही एकच, नागपुरात वर्षाला 60 हजार. भोजनाला 32 हजार, निवासाला 20 हजार, निर्वाह भत्ता 8 हजार. मुंबई-पुण्याच्या रांगेत नागपूर बसवलंय, हे मान्य करायला हवं. इतर काही महापालिका शहरांत हाच आकडा 51 हजारांवर येतो.

मात्र स्वाधार आली 2016-17 ला आणि आधार योजनेचा शासन निर्णय निघाला डिसेंबर 2023 मध्ये. मधल्या सात वर्षांत तेल, गॅस, तूरडाळ, किराया सगळं चढलं. 60 हजार तेच राहिले. शिवाय आधार योजनेला जिल्ह्यामागे 600 मुलांची मर्यादा, म्हणजे 36 जिल्ह्यांत 21,600. एकट्या नागपूर जिल्ह्यात किती कॉलेजं आहेत ते बघा, म्हणजे ही मर्यादा किती तोकडी ते कळतं.

मागच्या वर्षी या खोलीत चौथी खाट होती. तो मुलगा दिवाळीला गावी गेला, परत आला नाही. म्हणून किरायाचा वाटा 1,500 वरून 2,000 झाला.

(दृश्य: फाइल उघडली जाते. कागद एकेक करून चादरीवर.)

ही फाइल आम्ही वरून, पंख्याच्या उंचीवरून घेतली. सबंध खाट झाकली गेली. जातीचं प्रमाणपत्र. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अडीच लाखांच्या आतला. रहिवासी दाखला. बारावीची गुणपत्रिका. कॉलेजचं बोनाफाईड. बँक पासबुकाची झेरॉक्स. आधार कार्ड, तेही बँक खात्याला जोडलेलं हवं. इथंच पहिली पाचर बसते. गावच्या बँकेतलं लहानपणीचं खातं एक, कॉलेजला आल्यावर उघडलेलं दुसरं, आणि आधार जोडलेलं असतं तिसऱ्याच कुठल्या तरी खात्याला, जे कधी काळी सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलं होतं. पैसे तिकडे जातात. पोराला पत्ताच नसतो.

मग तुम्ही या शहराचे रहिवासी नाही असं शपथपत्र. मेसची पावती. आणि खोलीचा करारनामा.

करारनाम्यावर थोडं थांबू. घरमालक खोली देतो, पंखा देतो, पाण्याची मोटर कधी चालू करायची तेही सांगतो. करारनामा म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. त्याला वाटतं, उद्या टॅक्सवाला येईल, पोलीस पडताळणी लागेल, पोरगं खोली सोडणार नाही. तो म्हणतो, बाबू, तुले राहाचं तं रहा, सही नाही देत. आता बाहेर राहता हे सिद्ध केल्याशिवाय बाहेर राहायचे पैसे नाहीत, आणि ते सिद्ध करणारी सही घरमालकाच्या हातात. 14 नंबरला ही सही मिळायला पाच आठवडे गेले. शेवटी काकूंनी मध्यस्थी केली. घरमालकाच्या घरी त्यांचा एकादशीचा डबा जातो.

कागद जमले की अर्ज ऑनलाइन. सेतूत किंवा सायबर कॅफेत, कारण मोबाईलवर फोटोची साइज जमत नाही. अर्ज भरला म्हणजे संपलं असं नाही, तो त्रुटीत पडू शकतो. दाखल्यावर वडिलांचं नाव एक, टीसीवर एका वेलांटीनं वेगळं. त्रुटी निघाली की पुन्हा गाव. गोंडपिपरी तालुका ते नागपूर एसटीनं जाऊन-येऊन दिवस जातो, आणि त्या दिवसाची कॉलेजची हजेरीही जाते. हजेरी 75 टक्के हवी, नाहीतर पैसे थांबतात. म्हणजे हजेरीवर मिळणारे पैसे मिळवायला हजेरी बुडवायची.

(दृश्य: दीक्षाभूमी परिसर, संध्याकाळ. पायऱ्यांवर पुस्तकं घेऊन बसलेली मुलं.)

संध्याकाळी दीक्षाभूमीच्या आवारात हे चित्र रोज दिसतं. खोलीत तिघांत एकच टेबल, म्हणून मुलं इथं वाचायला येतात. कुणी बी.एस्सी.ची, कुणी एमपीएससीची, कुणी पोलीस भरतीची. पिंपळाखाली वारा असतो, दिवा असतो, आणि कुणी उठवत नाही. पलीकडे दोघं जण एकाच मोबाईलवर अर्जाची स्थिती बघतायत. आम्ही जवळ गेलो तर त्यांनी स्क्रीन झाकला. मग हसले आणि दाखवला. 'अर्ज प्रक्रियेत आहे.'

थोडा हिशोब करू. काकूंचा डबा 2,800. किरायाचा वाटा 2,000. महिन्याचे झाले 4,800. जुलै ते एप्रिल असे दहा महिने धरले तर 48 हजार. साठातले उरतात 12 हजार. त्यात एसटी, सिटी बस, झेरॉक्स, परीक्षा फी, साबण आणि ताप आला तर डॉक्टर. पुस्तकं-साहित्यासाठी वेगळे 2 हजार मिळतात, इंजिनिअरिंग-मेडिकलला 5. ओढूनताणून बसतं. या एका खोलीपुरतं तरी बसतं. डिपॉझिट यात धरलेलं नाही, वीजबिलही नाही.

मग अडतं कुठं? घरमालक एक तारखेला मागतो. गॅस सिलिंडर रोख येतो. भूक तर दिवसाला दोनदा येते. योजनेचा पैसा हप्त्यानं येतो, हजेरीचं प्रमाणपत्र गेल्यावर, पडताळणी झाल्यावर, निधी आल्यावर. शिकायचं जुलैत, जेवायचं जुलैत, पैसे जेव्हा यायचे तेव्हा. मधलं अंतर कोण भरतं? बापाचा कापूस, मावशीचा बचत गट, आणि फ्रिजवरची लाल वही. आमच्या मते नागपुरातली खरी निर्वाह योजना काकूंसारख्या बाया चालवतात, बिनव्याजी, बिनअर्जाची. त्यांच्या पोर्टलला त्रुटी निघत नाही. प्रवेश पक्का झाल्या दिवशी पहिल्या चार महिन्यांचे पैसे खात्यात टाका, कागद नंतर तपासा, एवढीच या पोरांची मागणी आहे. 1913 साली महिन्याचा हिशोब ठरवता येत होता.

काकूंचं स्वतःचं येणं किती तुंबलंय, ते त्यांनी सांगितलं नाही. किराणा दुकानातही त्यांच्या नावाची एक वही आहे, एवढं कळलं.

(दृश्य: मार्च. तेच स्वयंपाकघर, दुपार. ओट्यावर कैऱ्या.)

आम्ही पुन्हा आलो तेव्हा मार्च लागला होता. 14 नंबर स्वतः डबा परत द्यायला आला होता. रबर गेलंय, आता झाकणाला सुतळी आहे. हप्ता आदल्या दिवशी जमा झाला.

काकूंनी वही काढली. जुलै ते मार्च नऊ महिने, 25,200. दिवाळीनंतर कापूस विकून घरून आलेले 6,000 वजा. राहिले 19,200. त्यानं मोबाईल पुढे केला, काकूंच्या मुलानं स्कॅनर धरला, पैसे गेल्याचा आवाज झाला. काकूंनी चष्मा लावून प्रत्येक महिन्यावर काट मारली, सावकाश, पट्टी धरून. मग पानाच्या तळाला एक आडवी रेघ ओढली.

रेघेखाली लिहिलं, एप्रिल, 2,800. पेन तसंच धरून त्याच्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, "लिहा काकू, येणे."