स्वर्गाचं नागरिकत्व आणि मतपत्रिका

मत देणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे का, या प्रश्नाचं उत्तर इथं बसलेल्या निम्म्या लोकांना आधीच माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांना त्याच्या नेमकं उलट उत्तर माहीत आहे. त्यामुळे दोघांनाही थोडं नाराज करणं एवढंच काम उरतं. मांडणी तीन भागांत करायची ठरली आहे: शास्त्र, इतिहास आणि विवेकबुद्धी. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून निम्मा वेळ त्याच्यासाठी राखून ठेवणार आहे. हसू नका, खरंच ठेवणार आहे.

शास्त्राचं लवकर आटोपतो, कारण मतदानाबद्दल बायबलच्या नव्या करारात एक ओळही नाही. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या एवढंच आहे. ते लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता, आणि त्याला निवडून द्यायला कुणी रांगेत उभं राहिलं नव्हतं. जुन्या करारात यिर्मया २९:७ मध्ये बंदिवासातल्या लोकांनाही ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा असं सांगितलं आहे. मला विचाराल तर तो दाखला रोमकरांस पत्रापेक्षा आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे.

पण सभेत हमखास उठून उभं राहणारं वचन वेगळंच असतं, फिलिप्पै ३:२०. ‘आमचं नागरिकत्व स्वर्गात आहे, आम्हाला या निवडणुकांशी काय करायचंय?’ हे वचन फार भक्तिभावानं म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्याच्या खिशात बहुधा पृथ्वीवरचा पासपोर्ट असतो. बरं, हे लिहिलं कुणी? प्रेषित पौलानं. प्रेषितांची कृत्ये, २२वा अध्याय काढा. यरुशलेमेत त्याला चाबकाचे फटके मारायला चामड्याच्या वाद्यांनी आवळून बांधलंय, आणि तो शेजारी उभ्या शताधिपतीला शांतपणे विचारतो, की रोमी माणसाला, तेही चौकशीशिवाय, फटके मारणं कायद्यात बसतं का? सरदार धावत येतो. म्हणतो, मी हे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून घेतलंय. पौल म्हणतो, मी तर जन्मतःच रोमी आहे. झाले, फटके राहिले बाजूला. त्याआधी फिलिप्पैतच, म्हणजे ज्या गावाला हे स्वर्गाचं वचन लिहिलं त्याच गावात, त्यानं चुकीच्या शिक्षेबद्दल अधिकाऱ्यांना तुरुंगाच्या दारापर्यंत यायला लावलं होतं. पुढे २५व्या अध्यायात तो थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो. नागरिक म्हणून मिळालेला प्रत्येक हक्क या माणसानं शेवटच्या टाक्यापर्यंत वापरला. त्याच्या नावावर घरी बसणं मला पटत नाही.

आता इतिहास. इथं माझा आवडता मुद्दा येतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मतदान हा जगाचा खेळ आहे, मंडळीला, म्हणजे चर्चला, त्याचं काय, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पोपची निवडणूक कशी होते ते बारकाईनं बघावं. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषित म्हणून घेताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या. चिठ्ठ्यांचा एक फायदा असतो, प्रचार करावा लागत नाही. पण ११७९च्या, बिशपांच्या तिसऱ्या लॅटरन महासभेपासून पोप दोन तृतीयांश मतांनी निवडला जातो, आणि १९९६ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी त्याची जी नियमावली काढली ती वाचली तर कुठलाही निवडणूक अधिकारी टोपी काढील.

मतपत्रिका आयताकृती. वरच्या अर्ध्या भागात लॅटिनमध्ये छापलेलं, ‘मी परमगुरू म्हणून निवडतो’. खालचा अर्धा कोरा. तिथं एकच नाव लिहायचं, आणि अक्षर शक्यतो ओळखू येऊ नये असं. दोनदा घडी घालायची. मग प्रत्येक कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारा वरिष्ठ धर्माधिकारी, ती सगळ्यांना दिसेल अशी हात उंचावून वेदीपाशी नेतो आणि मोठ्यानं शपथ घेतो: जो माझा न्याय करील त्या प्रभू ख्रिस्ताला साक्षी ठेवून सांगतो, की देवासमोर ज्याची निवड व्हायला हवी असं मला वाटतं त्यालाच मी मत देतो आहे. हे म्हणताना समोरच्या भिंतीवर मायकेलअँजेलोनं रंगवलेला ‘अंतिम न्याय’ असतो. घडी तबकात ठेवायची आणि तबक तिरकं करून ती पात्रात सोडायची. नुसती हातानं टाकली की दोन पडल्या का एक, ते कळत नाही, म्हणून ही तबकाची तऱ्हा.

मोजणीला तिघे. आधी घड्या न उघडता मोजायच्या. संख्या मतदारांशी जुळली नाही तर सगळ्या जाळून लगेच पुन्हा मतदान. दोन पत्रिका एकात एक घडी घातलेल्या निघाल्या तर? दोन्हींवर एकच नाव असेल तर एक मत धरायचं, वेगवेगळी असतील तर दोन्ही बाद; पण मतदान रद्द होत नाही. तिसरा मोजणारा नाव मोठ्यानं वाचतो आणि सुईनं पत्रिका दोऱ्यात ओवतो. सुई नेमकी ‘निवडतो’ या शब्दातूनच गेली पाहिजे. कार्डिनल जिथं उतरलेले असतात तिथं कुणी आजारी असेल तर वेगळे तिघे जण फटीची कुलूपबंद पेटी घेऊन त्याच्या खोलीवर जातात, आणि ते निघण्याआधी मोजणारे ती पेटी सर्वांसमोर उघडून रिकामी असल्याचं दाखवतात.

आणि हे सगळं ऐच्छिक आहे का? नाही. बोलावणं आलेल्या प्रत्येक मतदार कार्डिनलनं आज्ञापालन म्हणून आलंच पाहिजे; सूट फक्त आजारपणाला किंवा तशाच गंभीर अडचणीला, आणि ती अडचण गंभीर आहे की नाही हे बाकीचे ठरवतात. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता गंमत अशी, की ज्यांच्या घरात मतदानाची एवढी शिस्त होती त्यांनीच एका अख्ख्या देशाच्या भाविकांना मत देऊ नका म्हणून सांगितलं. पोपचं राज्य गिळून इटलीचं नवं राज्य उभं राहत होतं. १८६१ मध्ये मार्गोत्ती या धर्मगुरू-संपादकानं तुरीनच्या वृत्तपत्रातून घोषणा दिली: ना निवडून येणारे, ना निवडून देणारे. १८६८ मध्ये रोमनंही कळवलं की संसदेच्या निवडणुकीत भाग घेणं उचित नाही. ‘उचित नाही’ म्हणजे बंदी थोडीच, अशी पळवाट लोकांनी लगेच शोधली. १८८६ मध्ये खुलासा आला की ही बंदीच आहे. नगरपालिकेला मात्र मत चालत होतं. म्हणजे गटारीसाठी मत द्या, कायद्यासाठी नको! आणि सुरुवातीला मताचा हक्कच जेमतेम दोन टक्के लोकांना होता, त्यामुळे बहुतेक भाविकांनी ही आज्ञा काहीही न करता पाळली.

परिणाम व्हायचा तोच झाला. बाहेर बसलेल्यांवाचून संसद थांबली नाही. १८७३ मध्ये सरकारी विद्यापीठांतले ईशज्ञानाचे विभाग बंद झाले. १९०५ मध्ये पोप दहाव्या पायस यांनी स्थानिक बिशपांच्या विनंतीवरून सूट द्यायला सुरुवात केली आणि १९१९ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी स्तुर्त्सो या धर्मगुरूनं काढलेल्या पक्षानं पहिल्याच निवडणुकीत १०० जागा घेतल्या. आणि १९४८च्या मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, बारावे पायस रोममधल्या प्रवचनकारांना सांगतात की आळसानं किंवा भेकडपणानं मत न देणं हे गंभीर पाप आहे. तोच देश, तीच मंडळी, मधे ८० वर्षं. आजोबांनी मत दिलं तर आज्ञाभंग, नातवानं दिलं नाही तर पाप.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. वेळ राखून ठेवला होता, तो पोपनी खाल्ला. विवेकबुद्धीचा भाग पळवतो.

पहिलं, न देणाऱ्यांची बाजू. १५२७च्या श्लाइटहाइमच्या कबुलीत, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी तलवार आणि अधिकारपद दोन्ही नाकारली. तलवार हाती घ्यायची नाही तर ती दुसऱ्याच्या हाती द्यायलाही मत द्यायचं नाही, हा विचार मला मान्य नसला तरी सुसंगत आहे, आणि ती कबुली लिहिणाऱ्या मिखाएल साटलरनं काही महिन्यांतच त्यासाठी प्राण दिले. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून देशाच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे. तरी मत न देणं हे माझं धार्मिक कर्तव्य आहे, हे कारण तिथला कायदा ग्राह्य धरतो. कंटाळा आला, हे धरत नाही. फरक अगदी बरोबर जागी केला आहे.

दुसरं, कर्तव्य कुठल्या प्रकारचं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२४०व्या परिच्छेदात कर, मतदान आणि देशरक्षण एका ओळीत आहेत. पण नीतिशास्त्रात ‘करू नको’ ही आज्ञा प्रत्येक क्षणी बांधते, ‘कर’ ही आज्ञा प्रसंग पाहून बांधते. खोटी साक्ष कधीच द्यायची नाही. भुकेल्याला अन्न द्यायचं, पण तुम्ही स्वतः खाटेवर पडलेले असाल तर दोष नाही. मतदान दुसऱ्या प्रकारातलं. म्हणून माझं उत्तर: हो, कर्तव्य आहे, आणि न देणाऱ्याकडे कारण हवं. कार्डिनलांचा नियम आठवा. आजारपण, गंभीर अडचण, प्रामाणिक धर्मविवेक ही कारणं. ‘माझ्या एका मतानं काय होणार’ हे त्या यादीत नाही.

तिसरं, उमेदवाराची एखादी भूमिका वाईट असेल तर? त्या भूमिकेसाठी मत दिलंत तर त्यात तुम्ही सामील झालात. ती भूमिका असूनही, तितक्याच वजनाच्या दुसऱ्या कारणासाठी दिलंत, तर ते त्या वाईटाला केलेलं दूरचं साहाय्य, चालू शकतं. तितक्याच वजनाच्या, हे शब्द गिळायचे नाहीत.

व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव सांगावं का, असं विचारलं आहे. माझ्या मते नाही. मुद्दे सांगावेत, निवड ऐकणाऱ्यावर सोडावी. कॅथलिक धर्मगुरूंना चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेचा २८७वा नियम पक्षकार्यात सक्रिय भाग घेण्यापासून रोखतो. अपवाद आहे, तो वरिष्ठांनी ठरवायचा.

आणि कोरं मत. कुणीच योग्य वाटत नसेल तर तोही मार्ग आहे, पण आधी नियम बघा. फ्रान्समध्ये २०१४ पासून कोरी मतं वेगळी मोजून जाहीर करतात, निकालात मात्र धरत नाहीत. जिथं ती वेगळी मोजतच नाहीत तिथं तुमचा विचारपूर्वक केलेला निषेध आणि कुणाची तरी चुकलेली खूण एकाच ढिगात जातात.