तिसरी बॅटरी घेण्याआधी

[दृश्य : पहाट. गंगापूर धरणाच्या पाण्यावर धुकं. काठालगत द्राक्षबागांच्या ओळी.]

डिसेंबर. नाशिकहून गंगापूर रस्त्याने निघालं की गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूला धरणाचं पाणी आणि द्राक्षबागा एकमेकींना खेटून लागतात. निफाडकडे या दिवसांत पारा कधीकधी दोन-तीन अंशांवर येतो. इथे पाण्याच्या काठाला तेवढी थंडी नसते, तरी सकाळी सातला बोटं वाकत नाहीत.

एका कृषी पर्यटन केंद्राच्या शेडमध्ये चार एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या जाड टायरच्या छोट्या चारचाकी, उभ्या आहेत. शनिवार-रविवारी त्या पर्यटकांना बागेभोवती फिरवतात, इतर दिवशी क्रेट ओढतात. त्यातल्या एकीचा सेल्फ मारला.

टक्. टक्-टक्. पुढे काही नाही.

केंद्राचे मालक साठीचे द्राक्ष बागायतदार आहेत. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. ते सांगतात, "ऑगस्टात बॅटरी बसली, नवी टाकली. दिवाळीच्या तोंडावर तीपण बसली, परत नवी टाकली. आता बघा, तेच होऊ राहिलं."

दोन बॅटऱ्या शेडच्या कोपऱ्यात पडल्या आहेत. तिसरी गाडीत आहे आणि चौथीचे पैसे नानांनी खिशात तयार ठेवलेत. ते खर्च होण्याआधी मिस्त्री आले, म्हणून ही फिल्म झाली.

[दृश्य : मिस्त्री सीट काढतात. हातातलं तांब्याचं कडं उतरवून खिशात टाकतात.]

कडं उतरवणं आधी. पाना एकाच वेळी प्लसला आणि फ्रेमला टेकला तर ठिणगी उडते, आणि त्या वाटेत कडं किंवा अंगठी आली तर धातू क्षणात तापून कातडी जळते. म्हणून बॅटरी काढताना मायनस पहिल्यांदा सोडायचा आणि लावताना शेवटी लावायचा. चार्जिंग चालू असताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको. हे सांगताना मिस्त्रींचा आवाज जरा चढतो, आणि तो चढायलाच हवा.

बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावला. 11.9 व्होल्ट.

बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून तासभर निवांत पडली की 12.6 ते 12.8 दाखवते. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 11.9 म्हणजे जवळजवळ रिकामी. पण रिकामी आणि मेलेली यांत फरक आहे, आणि नानांचे पैसे दोनदा याच फरकात गेले. रिकाम्या टाकीवर रागावून टाकीच बदलावी तसं झालं. विहिरीवरची मोटार चालते की नाही, हे कुणी पाहिलंच नाही.

ही बॅटरी मिस्त्रींनी काल रात्रभर चार्जरवर ठेवायला सांगितली असती तर आज वेळ वाचला असता. आता ते गाडीतली बाजूला ठेवतात आणि सोबत आणलेली, पूर्ण भरलेली बॅटरी बसवतात. निवांत व्होल्टेज 12.7. सेल्फ मारताना काटा 10.4 पर्यंत उतरतो. हे ठीक आहे. सेल्फच्या ओढीखाली साडेनऊच्या खाली गेला असता तर बॅटरीवर संशय घेतला असता.

इंजिन सुरू झालं. आता खरी परीक्षा.

[दृश्य : मीटरचा आकडा जवळून. इंजिनाचा आवाज चढत जातो.]

"नाना, रेस द्या. अजून. तेवढंच धरा."

चार हजार आरपीएमला चांगल्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा यायला हवा. इथे 12.6 आला. रेस कितीही दिली तरी तो वर सरकत नाही. इंजिन पळतंय, बॅटरीत मात्र काही पडत नाही.

इथे एक जुनी खोड सांगायला हवी, कारण ती अजून गावोगाव चालते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघायची, बंद पडलं तर चार्जिंग नाही. कृपा करून असं करू नका. बॅटरी हा व्होल्टेजचा आधार असतो. तो अचानक काढला की व्होल्टेज उसळतं आणि धडधाकट रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, प्रसंगी इंजिनाचा कंट्रोल युनिटसुद्धा जळतो. एक दोष शोधायला गेलेला माणूस दोन दोष घेऊन घरी येतो.

मग शोधायचं कुठून? नानांना हे समजावणं सोपं होतं, कारण थ्री फेज त्यांना तोंडपाठ आहे. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की उठून मोटार चालू करायची, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडाला की एक फेज गेली, आणि एका फेजवाचून मोटार चालत राहिली तर जळाली. एटीव्हीच्या इंजिनात याच्या उलट यंत्र बसलेलं असतं. क्रँकच्या टोकाला चुंबकांचा वाटीसारखा फ्लायव्हील. गॅरेजात त्याला सरळ मॅग्नेट म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या वेटोळ्यांचं चाक, म्हणजे स्टेटर. चुंबक वेटोळ्यांभोवती फिरले की तारेत वीज उठते. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तेच तत्त्व. बऱ्याच गाड्यांत स्टेटरमधून तीन पिवळ्या तारा बाहेर येतात. तीन तारा, तीन फेज. मोटारीला लाईट द्यावी लागते, हा स्टेटर लाईट देतो.

तिथून वीज जाते रेग्युलेटरकडे. पट्ट्यांसारख्या पात्या असलेला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा दोन कामं करतो. दिशा बदलत वाहणाऱ्या एसीची एकाच दिशेने वाहणारी डीसी करतो, आणि व्होल्टेज चौदा-साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही.

हे दुसरं काम तो कसं करतो, यावर थोडं थांबू या, कारण निम्म्या बिघाडांचं मूळ इथे आहे. बऱ्याच एटीव्हींत शंट पद्धतीचा रेग्युलेटर असतो. तो मोटार बंद करत नाही. बॅटरी भरली की तो स्टेटरच्या तारा आपल्यातच शॉर्ट करतो आणि जास्तीची वीज उष्णता होऊन जाते. म्हणजे विहिरीवरची मोटार कायम फुल्ल चालू, आणि टाकी भरली की व्हॉल्व्ह फिरवून पाणी परत विहिरीत. म्हणूनच ठोकळ्याला पात्या असतात. त्या पात्यांवर चिखल बसून वाळला की उष्णता जायला वाट उरत नाही, आणि आधी रेग्युलेटर, मागोमाग स्टेटरच्या तारेवरची वार्निश करपते. आपल्याकडचा पावसाळ्यातला चिखल कसा बसतो हे नाशिककरांना सांगायला नको. आठवड्यातून एकदा त्या पात्या हाताने साफ करा. एवढ्या कामाने मोठा खर्च टळतो.

[दृश्य : तीन पिवळ्या तारांचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, सुटतो.]

मिस्त्री इंजिन बंद करून कपलर सोडतात. आत बघतात, वास घेतात. प्लॅस्टिक तपकिरी झालेलं नाही, पिना हिरव्या पडलेल्या नाहीत. एखादी पिन सैल असली तर तिथेच तापून कपलर वितळतो. डोळ्यांना दिसणारी ही पहिली खूण.

आधी ओहम, म्हणजे तारेचा अवरोध. मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा अवरोध बघायचा, साधारण 0.2-0.3, आणि तो वजा करायचा. नाहीतर आकडा फसवतो, कारण स्टेटरचा अवरोध बहुधा एका ओहमच्या आतच असतो. तिन्ही जोड्या सारख्या आल्या. मग एक प्रोब पिवळ्या तारेला, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूला. इथे संपर्क मिळता कामा नये. मिळाला नाही.

आता मीटर एसी व्होल्टवर, इंजिन चालू, पुन्हा रेस. पहिल्या जोडीत 56, दुसरीत 55, तिसरीत 56. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे बदलतो. बघायचं ते हे की तिन्ही सारखे आहेत का. एखाद्या जोडीला एकदम कमी आला असता तर नानांच्या भाषेत एक फेज गेली, आणि मग मोटार रिवाइंड करणाऱ्याकडे वारी. ती वेळ नव्हती.

नाना म्हणाले, "म्हणजे विहीर भरलेली आहे."

"हो नाना. मोटारपण चालू आहे. पाइप कुठंतरी फुटलाय."

डायोड म्हणजे वीज एकाच दिशेला जाऊ देणारा भाग. रेग्युलेटर मीटरच्या डायोड मोडवर तपासला. प्रत्येक पिवळ्या तारेकडून एका दिशेला अर्ध्या व्होल्टच्या आसपास, उलट दिशेला काहीच नाही. डायोड ठीक. आता बहुतेक जण इथे गोंधळतात. बॅटरी चांगली, स्टेटर चांगला, रेग्युलेटर चांगला, आणि चार्जिंग नाही. मग सवयीने काहीतरी बदललं जातं.

मिस्त्रींनी कपलर परत लावला, इंजिन चालू केलं आणि मीटर रेग्युलेटरच्याच लाल आणि काळ्या तारेवर ठेवला. 14.2.

बॅटरीवर 12.6. रेग्युलेटरवर 14.2. मधले 1.6 व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते.

लाल बाजू : एक प्रोब रेग्युलेटरच्या लाल तारेत, दुसरा बॅटरीच्या प्लसवर, इंजिन चालू. 0.1. म्हणजे फ्यूज, तार, जोड सगळं नीट. काळी बाजू : रेग्युलेटरच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. 1.5.

या चाचणीला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. कुठल्याही बाजूला 0.2-0.3 च्या वर गेलं तर जोड खराब समजायचा. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी चाचणी हीच. साध्या मीटरने होते, तार कापावी लागत नाही, आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते थेट कळतं.

[दृश्य : टॉर्चचा उजेड फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यावर. लाल रंग, त्यात एक बोल्ट.]

काळी तार रेग्युलेटरकडून येऊन फ्रेमला बोल्टने आवळलेली होती. फ्रेम लालचुटूक. नाना म्हणाले, मे महिन्यात गर्दी ओसरल्यावर चारही गाड्या सोडवून रंगवून घेतल्या, पाहुण्यांच्या फोटोत चांगल्या दिसाव्यात म्हणून. ज्याने रंग मारला त्याने मन लावून मारला. बोल्टच्या खालीसुद्धा. त्यावर अर्थचं थिंबल, म्हणजे काळ्या तारेच्या टोकाची धातूची कडी, आवळलं गेलं. रंग वीज वाहत नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा संपर्क मिळाला तेवढ्यावर गाडी दोन महिने चालली, मग पावसात आट्या गंजल्या.

सेल्फची जाड तार मात्र बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाला जाते. तिची वाट या रंगलेल्या बोल्टातून जात नाही. म्हणून भरलेली बॅटरी टाकली की सेल्फ झोकात फिरायचा, आणि सगळ्यांना वाटायचं, बॅटरीचाच दोष होता. दोन-तीन महिने अर्धवट भरत राहिलेली बॅटरी पुन्हा बसायची. अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ती भरेनाशी होते. त्यात पर्यटकांच्या फेऱ्या हळू वेगाच्या. कमी आरपीएमला आधीच वीज कमी तयार होते, वर एलईडी पट्टी चालू.

दहा नंबरचा पाना. बोल्ट निघाला. पॉलिश पेपरने फ्रेमचा धातू चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबलही घासलं, दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि जोडावर वरून ग्रीस लावलं. पंधरा मिनिटं.

काळ्या बाजूचा ड्रॉप आता 0.05. नानांनी स्वतः रेस दिली. बॅटरीवर 14.1.

कोपऱ्यातल्या दोन बॅटऱ्याही चार्जरवर लावल्या. पहिली दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या वर गेली नाही. सहापैकी एक सेल गेलेला, ती भंगारात. दिवाळीच्या तोंडावर काढलेली मात्र 12.6 वर टिकून राहिली.

[दृश्य : शेड. ऊन वर आलेलं. रांगेत उरलेल्या तीन गाड्या.]

नाना पहिल्या गाडीवरून नजर काढून उरलेल्या तिघींकडे बघतात. चारही फ्रेमचा रंग एकच, आणि तो लागला एकाच आठवड्यात.

"मिस्त्री, यांचेपण बोल्ट सोडायचे का?"

मिस्त्रींच्या हातात दहा नंबरचा पाना अजून होताच.