क्युसेकला तासांची जोड द्या

मंडळी, पावसाळा लागला की रोज संध्याकाळी बातमी येते, खडकवासल्यातून मुठेत इतक्या हजार क्युसेकने विसर्ग. लगेच पारावर चर्चा सुरू होते, केवढं पाणी वाहून गेलं! केवढं, हे त्या एका आकड्यावरून सांगताच येत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दरवाजे किती तास उघडे होते हे कळल्याशिवाय गेलेल्या पाण्याचा हिशोब लागत नाही.

हिशोब सरळ गुणाकाराचा आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागून पाहा, ११,५७४ येतात. म्हणजे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास अखंड चालला, तर एक टीएमसी पाणी जातं. खडकवासल्याचा उपयुक्त साठा जेमतेम दोन टीएमसी. वरून पाणी आलंच नाही, तर या विसर्गाने दोन दिवसांत धरण तळाला लागेल. उलट कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडतात, तेव्हा एक टीएमसी जायला साडेपाच दिवस लागतात, आणि कोयनेचा पूर्ण साठा १०५ टीएमसी आहे.

आता एक चूक सांगतो, ती शिकलेली माणसंही करतात. समजा वीस तास विसर्ग २,००० होता आणि चार तास २०,०००. पुष्कळ जण दोन्ही आकड्यांची सरासरी काढतात, ११,०००, आणि तिला चोवीस तासांनी गुणतात. उत्तर येतं पाऊण टीएमसीच्याही वर, जवळजवळ एक. प्रत्येक टप्पा त्याच्या तासांनी वेगळा गुणायचा आणि मग बेरीज करायची. तसं केलं की ०.४३ टीएमसी येतं, म्हणजे निम्म्याहून कमी! विसर्ग जितका बदलता, तितक्या वेळा नोंद हवी.

तुम्ही पाणी वापर संस्थांची माणसं, म्हणून आता तुमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या पाटावर येतो. २००५च्या कायद्याने संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने द्यायचं ठरलं. बिल पाण्याच्या घनफळावर, आणि घनफळ म्हणजे विसर्ग गुणिले वेळ. फ्ल्यूम म्हणजे चारीतलं पाणी मोजायचं बांधीव साधन; त्यावरच्या पट्टीचं वाचन आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीच्या) पहिल्या दिवशी एकदाच घेतलं आणि तोच आकडा सगळ्या दिवसांना लावला, तर संस्थेला न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरावे लागू शकतात. रात्री वरच्या अंगाला कुणी दार उघडलं की तुमच्याकडची पातळी उतरते. म्हणून वहीत पातळीशेजारी वेळ लिहा, आणि दिवसरात्र लिहा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला कमी पाणी मिळालं, हे दाखवायला त्याच्या हातात दुसरा पुरावा नसतो.

एक सोपं गणित सगळ्यांनी पाठ करावं. एक क्युसेक पाणी एक तास चाललं तर ३,६०० घनफूट होतं. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला ३,६३० घनफूट लागतं. जवळजवळ सारखंच! तेव्हा एक क्युसेकची चारी तासाला एक एकर-इंच देते. आठ एकरांना तीन इंचाची पाळी द्यायची तर चोवीस तास. कच्च्या चारीत पाणी मुरतं, त्याचे तास वर धरायचे.

विहिरीवर फ्ल्यूम नसतो, तिथे दोनशे लिटरचं पिंप आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. पिंप चाळीस सेकंदांत भरलं तर सेकंदाला पाच लिटर, तासाला अठरा हजार. एकरावर इंचभर पाण्याला एक लाख तीन हजार लिटर लागतात, म्हणजे पावणेसहा तास. पण विहिरीची पातळी उतरत जाते तशी पंपाची धार बारीक होते. त्यामुळे पिंप पंप सुरू केल्यावर एकदा लावा, मध्ये एकदा, आणि बंद करण्याआधी एकदा. त्या त्या वेळच्या धारेला तिच्या तिच्या तासांनी गुणून बेरीज करा.