‘खात्री आहे का?’ : पडद्यावरच्या चौकटीची गोष्ट

(दृश्य: मार्केट यार्डातलं अडत दुकान. हळदीची पोती, काउंटरवर संगणक.)

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे उरकले, की अडत दुकानात पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाची बिलं, करायची घाई उडते. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. दिवाणजींची नजर कागदावर आणि उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. पडद्याकडे बघायला सवड कुणाला?

तेवढ्यात मधोमध एक चौकट उगवते. मागचं सगळं अंधुक होतं. ‘आपल्याला खात्री आहे का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. दिवाणजी एंटर मारून मोकळे. कशाची खात्री विचारत होतं, दिवाणजी?

“कुणाला ठावं! दर पट्टीला विचारतंय ते.”

(दृश्य: एंटरच्या बटणावरचं बोट, जवळून.)

हा मोडल डायलॉग. त्याला उत्तर दिल्याशिवाय मागच्या कामाला हात लावता येत नाही. पट्टी जतन करतानाही हाच प्रश्न आणि रद्द करतानाही हाच, मग बोट दोन्हीकडे सारखंच चालतं. यात दिवाणजींना दोष देण्यात अर्थ नाही. आत्तापर्यंत जो एंटर पुढच्या रकान्यात नेत होता, तोच चौकट येताक्षणी होकार ठरतो. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात कट-कॉपी-पेस्टला आजचं रूप देणारे संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर याच घोळावर आयुष्यभर तुटून पडले. एकच बटण वेळेनुसार वेगळं वागतं, ते त्यांना खपत नसे. अशा बदलत्या वागण्याला ‘मोड’ म्हणतात. त्यांच्या गाडीची नंबरप्लेटसुद्धा ‘नोमोड्स’, म्हणजे ‘मोड नकोत’, अशी होती!

मग चौकट वापरायचीच नाही? तसं नाही. शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम पाठवायची आहे, ती एकदा गेली की मागे घेता येत नाही. इथं जरूर अडवा. पण विचारायचं तर धड विचारा: ‘लॉट ११७, ४२ पोती, २१ क्विंटल. रक्कम खात्यावर पाठवायची?’ बटणांवर ‘रक्कम पाठवा’ आणि ‘थांबा’. नुसत्या ‘होय’वरून काहीच कळत नाही. आणि नुसत्या एंटरनं रक्कम जाऊ नये, म्हणून कर्सर आधी ‘थांबा’वर ठेवा.

पट्टी रद्द करणं मात्र परत फिरवता येतं. तिथं न विचारता रद्द करा आणि खाली ‘परत आणा’ची सोय ठेवा. जीमेल मेल पाठवताना खात्री विचारत बसत नाही, पण ५ ते ३० सेकंदांपर्यंत तो मागे घेऊ देतं.

दर टाकायला चौकट उघडली आणि तिनंच मागचं वजन झाकलं, हा प्रकारही नेहमीचा. वजन बघायला चौकट बंद करायची, दरासाठी पुन्हा उघडायची. अशा कामाला रकाना पानावरच हवा. चौकटीवर चौकट तर नकोच नको.

(दृश्य: कीबोर्ड. एस्केप, मग टॅब.)

बाकीचं बरंचसं आता ब्राउझरच सांभाळतो. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचा ‘डायलॉग’ घटक २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. मोडल म्हणून उघडला, की एस्केपनं तो मिटतो आणि टॅब मागच्या पानात शिरत नाही, त्यामुळे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारी अंध व्यक्तीही भरकटत नाही.

फक्त चौकट मिटल्यावर कर्सर होता त्याच रकान्यात परतला का, ते तपासा. तो वर पहिल्या रकान्यात गेला, तर दिवाणजींनी न बघता टाकलेला दर लॉटच्या नंबरात जाऊन बसतो.