तीस वर्षांपूर्वी मागवलेलं पार्सल

नमस्कार राजेहो. रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला ओलित करत बसले असाल तर आवाज जरा वाढवा, आजची गोष्ट तुमच्या डोक्यावरच्या आभाळाची आहे. शेतीला रात्री लाईन द्यायचं ज्यानं ठरवलं, तो बॅटरी घेऊन धुऱ्यावरून कधी चालला नसावा, हे माझं मत मी आज पुन्हा सांगून घेतो.

तर या आभाळातून चहूबाजूंनी एक फार जुना उजेड येतो. विश्व जन्मल्यावर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला. आता तो इतका निवलाय की डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मलहरी होऊन पोचतो. जन्मताच विश्व एका क्षणात प्रचंड फुगलं असेल, तर तेव्हाच्या गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेल्या लाटांनी, या उजेडाच्या कंपनांना बारीकसा पीळ दिला असणार. शोधायचा तो पीळ. ध्यानात ठेवा, लहर नाही, लहरीनं दिलेला पीळ. हिंगोलीकडे औंढा नागनाथला थेट लहरच पकडणारी लायगो वेधशाळा व्हायचीय, ते काम वेगळं.

दक्षिण ध्रुवावर बायसेप-२ नावाची दुर्बीण होती. भिंग २६ सेंटीमीटरचं, वीतभराहून जरा मोठं. एवढ्या लांब का? तिथली हवा कोरडी, आणि हवेतली वाफ सूक्ष्मलहरी गिळते. आत ५१२ संवेदक, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याखाली थंडी जाऊच शकत नाही त्या तापमानाच्या, जेमतेम पाव अंश वर. संवेदक स्वतःच ऊबदार असला, तर थ्रेशरजवळ उभं राहून मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची गत.

२०१० ते २०१२ ती आभाळाचा एकच तुकडा पाहत राहिली. मग मार्च २०१४. त्या चमूतले चाओ-लिन कुओ कॅलिफोर्नियात आंद्रेई लिंडे यांच्या दारात, व्हिडिओ काढणारा सोबत. हे लिंडे म्हणजे विश्व फुगल्याचा सिद्धांत घडवणाऱ्यांपैकी एक. बेल वाजली. घरात वाटलं, कुरियरवाला आला. बायकोनं विचारलं, काही मागवलं होतं का? दार उघडलं, कुओंनी पीळ सापडल्याचा नुसता आकडा सांगितला, आणि रेनाटा कालोश, म्हणजे लिंडेंची बायको, त्याही भौतिकशास्त्रज्ञच, त्यांनी कुओंना मिठीच मारली! लिंडे चक्रावले, म्हणाले, पुन्हा सांगा. शॅम्पेन फुटली. नंतर लिंडे म्हणाले, हो, मागवलं होतं, तीस वर्षांपूर्वी, आज पोचलं. पण त्याच व्हिडिओत त्यांनी एक शंकाही बोलून दाखवली : हे सुंदर आहे म्हणूनच तर मी खरं मानत नाही ना?

मला हा माणूस त्या शंकेसाठी आवडतो. कारण पार्सलात निघाली धूळ.

आपल्याच आकाशगंगेतली धूळ. तिचे कण चुंबकीय क्षेत्रात एका अंगानं वळतात आणि त्यांच्या उजेडातही तसाच पीळ दिसतो. बायसेप-२ एकाच वारंवारितेवर ऐकत होती, १५० गिगाहर्ट्झवर. एकाच वारंवारितेवर धूळ कोणती आणि जुना उजेड कोणता, हे वेगळं निघत नाही. हाच जुना उजेड अवकाशातून मोजणाऱ्या प्लँक उपग्रहानं केलेला धुळीचा पक्का नकाशा तेव्हा बाहेर आला नव्हता, म्हणून चमूनं एका भाषणातल्या स्लाईडवरून अंदाज बांधला होता. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही चमूंनी आकडे एकत्र मांडले आणि दावा उरला नाही.

म्हणून आता एकाच तुकड्याकडे अनेक वारंवारितांवर पाहतात. वरच्या वारंवारितेवर धूळ जास्त चमकते, तिथे ती मोजून खालच्या वारंवारितेतून वजा करायची. ध्रुवावर हेच चालू आहे, चिलीत ५,२०० मीटर उंचीवर सायमन्स वेधशाळाही त्याच कामाला लागली आहे. पीळ अजून सापडलेला नाही.

पुढच्या वेळी घाटेअळीवर बोलू. मोटर बंद करताना हात कोरडे ठेवा. नमस्कार.