सोयाबीनचं पान उलटतं तेव्हा

(दृश्य: लातूर जिल्ह्यातलं सोयाबीनचं शिवार. भर दुपार.)

ऑगस्ट महिना. सोयाबीन फुलोऱ्यात आहे आणि पावसानं उघडीप दिलीय. सकाळी काळोखी धरलेलं रान दुपारी पांढुरकं दिसतंय. बांधावर उभे असलेले काका म्हणतात, "पानं उलटलीत. ताण बसलाय."

निदान अगदी बरोबर. पण एकाच पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकी का? उत्तर पानाच्या पोटात आहे, आणि ते पोट जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं जाड!

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा छेद.)

वरची साल पारदर्शक. ऊन सरळ आत येतं. तिच्याखाली लांबट पेशी खांबांसारख्या दाटीनं उभ्या आहेत. सोयाबीनमध्ये त्यांचे एकावर एक दोन थर असतात. या स्तंभपेशी हरितलवकांनी, म्हणजे उन्हावर अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणांनी, गच्च भरलेल्या. तांबडा आणि निळा उजेड बराचसा इथंच शोषला जातो. पण पेशी उभ्या असल्यानं थोडं ऊन त्यांच्यामधून खाली झिरपतं.

खाली मात्र विस्कळीत वस्ती. वेड्यावाकड्या पेशी आणि मधे हवेच्या पोकळ्या. कार्बन डायऑक्साइड या पोकळ्यांमधून फिरतो, हे आपण शाळेत शिकलो. त्यांचं दुसरं काम मला जास्त सुंदर वाटतं. साबणाचा फेस आठवा. पाणी पारदर्शक, हवाही पारदर्शक, तरी फेस पांढरा. पाणी आणि हवा जिथं भेटतात, तिथं किरण वळतो, परततो. पानातही तेच होतं.

(दृश्य: सुई काढलेल्या सिरिंजनं पानात पाणी भरताना.)

पानाच्या खालच्या बाजूला सिरिंज टेकवून हळूच पाणी दाबा. तेवढा भाग गडद होतो आणि उजेडासमोर धरला तर जास्त आरपार दिसतो. पोकळीतली हवा गेली, तसं किरणांना अडवून वळवणंही थांबलं.

याचा खरा फायदा हिरव्या उजेडाला. हरितद्रव्य तो कमी शोषतं, म्हणून तो खोलवर पोचतो. तिथं इकडून तिकडे वळत राहिल्यानं हरितलवकांशी त्याची पुन्हा पुन्हा गाठ पडते. पान हिरवा उजेड वापरतच नाही, हा समज चुकीचा आहे. त्यातला निम्म्याहून अधिक पान शोषून घेतं, आणि कडक उन्हात वरच्या पेशींची भूक भागलेली असते तेव्हा खालच्या पेशी त्याच्यावर अन्न तयार करतात.

(दृश्य: शेजारच्या वावरातली ज्वारी.)

ज्वारीच्या पानात असे वेगळे थर नसतात. तिथं शिरांभोवती हरितलवकांच्या पेशींची कडी असतात, म्हणून पान दोन्हीकडून जवळपास सारखंच हिरवं. ताण बसला की ते गुंडाळतं.

(दृश्य: पुन्हा सोयाबीन. पानाची लव असलेली खालची बाजू.)

सोयाबीनचं पान ताणात पाणी वाचवायला रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटतं. कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, ऊन मात्र कोसळतच असतं, आणि न वापरलेलं ऊन हरितलवकांना इजा करतं. अशा वेळी पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या प्रत्येक छोट्या पानाच्या, बुडाशी असलेली छोटी फुगीर गाठ आपल्यातल्या पाण्याचा दाब बदलून पान फिरवते. आता ऊन आधी पोकळ्यांवर पडतं. वरून येणारे किरण ज्या पोकळ्या स्तंभपेशींकडे परतवत होत्या, त्याच आता खालून आलेले किरण बाहेर परतवतात. काकांना दिसलेला पांढुरका रंग म्हणजे हेच परत पाठवलेलं ऊन.

(दृश्य: ऊन कललंय. पानं पुन्हा आडवी होतायत.)

काका आभाळाकडे बघतात. "रातच्याला पाऊस आला, तर सकाळी बघा कशी काळोखी दिसतीय."