दोरी बांधली तरी विष चढतंच

मंडळी, साप चावला की आपल्याकडे पहिला हात दोरीकडे जातो. सुतळी, ओढणी, नाडी, जे सापडेल ते दंशाच्या वर करकचून आवळायचं. विष रक्तातून चढतं, तर रक्ताची वाट अडवा, हा त्यामागचा हिशोब. आता गंमत बघा, घोणशीच्या विषातली मोठी प्रथिनं दंशाच्या जागेवरून थेट रक्तात फारशी शिरतच नाहीत.

सगळा प्रश्न रेणूच्या आकाराचा आहे. रक्ताच्या केशवाहिन्यांत लहान रेणू सहज घुसतात, पण साधारण २०,००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) पुढच्या प्रथिनांना ती भिंत ओलांडणं अवघड जातं. त्यांना उरते ती लसिकावाहिनी, म्हणजे पेशींभोवती साचलेला पातळ द्रव (लसिका) गोळा करून रक्तात परत नेणारी बारीक नळी. तिच्या टोकाला पेशींच्या कडा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. बाहेर द्रव साचला की त्या आतल्या बाजूला उघडतात, आणि आत गेलेल्याला परत फिरता येत नाही. पुढे झडपा, मग जांघेतल्या गाठी, मग छातीतली मोठी नलिका, आणि शेवटी डाव्या गळपट्टीच्या हाडामागे ही लसिका शिरेत मिसळते. तिथे विष रक्तात येतं. वाटेतल्या गाठी दुखऱ्या होऊन सुजतात. काटा पिकला की जांघेत अवधान येतं ना, तसंच. म्हणून दंश पायावर असला तरी डॉक्टर जांघ चाचपून बघतात.

या लसिकेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात. बाकी काम स्नायूंचं. तुम्ही चाललात की पोटरी तिला वर ढकलते. घाबरून घराकडे धावत सुटलेला माणूस आपलं विष आपल्याच पायांनी वर चढवत असतो.

हे कळलं त्याची कथा सापांच्या देशातली नाही. जोसेप त्रुएता हे बार्सिलोनाचे शल्यविशारद. स्पेनच्या यादवी युद्धात ते जखमा साफ करून अख्खा अवयव प्लास्टरमध्ये बंद करत. १९३९ मध्ये देश सोडून ते इंग्लंडला गेले. प्लास्टर घातलं की जखमेतल्या जंतूंचं विष अंगात भिनणं कमी का होतं, या प्रश्नातून त्यांनी आणि त्यांचे सहकारी बार्न्स यांनी सशांवर प्रयोग केले. ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले: मोठ्या रेणूंची विषं लसिकेतून जातात आणि पाय निश्चल ठेवला की त्यांचं शोषण मंदावतं. नागाच्या विषाला मात्र हा नियम लागू पडला नाही. त्यातली मज्जातंतूंवर काम करणारी विषं सहा-आठ हजार डाल्टनची, ती सरळ रक्तात उतरतात.

१९७९ मध्ये मेलबर्नच्या स्ट्रुअन सदरलँड यांनी याच तत्त्वावर रुंद पट्टी आणि फळीचा उपाय, म्हणजे अख्खा अवयव रुंद पट्टीनं दाबून गुंडाळायचा आणि फळीला बांधायचा, माकडांवर सिद्ध केला. ऑस्ट्रेलियात तो आजही प्रथमोपचार आहे. पण तो जसाच्या तसा इथे उचलू नका, हे मी ठासून सांगतो. तिथले बहुतेक घातक साप दंशाची जागा फारशी सडवत नाहीत. आपली घोणस आणि फुरसं मांस सडवतात. त्यांच्या दंशात विष दाबून एकाच जागी धरलं तर पायाचं नुकसान वाढायची भीती असते.

दोरीचं तर विचारूच नका. धमनी बंद पडेल इतकी आवळली तर खालचा पाय काळा पडायला लागतो. तेवढी नसेल आवळली, तर विष जातंच. आणि दवाखान्यात ती झटक्यात सोडली, तर साचलेलं विष एकदम वर येतं. म्हणून बांधून आलेल्या रुग्णाची दोरी डॉक्टरांनाच, तयारीनिशी सोडू द्या.

मग गावात करायचं काय? हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी सैलसर बांधायची, अंगठी-पैंजण काढायचे, पाय हलू द्यायचा नाही आणि रुग्णाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. गाडी नसेल तर खाटेवरून न्या. तेही जमत नसेल तर मोटारसायकलवर मधे बसवा, मागून दुसऱ्यानं घट्ट धरायचं, आणि जिथे प्रतिविष आहे त्याच दवाखान्यात थेट जायचं. निघताना फोन करून ते आहे का, हे आधी विचारून घ्या.